विद्यापीठाचें चिन्ह व पत्राचा कागद

दरवर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेंतील कित्येक विद्यार्थी निरनिराळ्या महाविद्यालयांत जातात, आणि दोनतीन वर्षांनीं भेटावयास येतात तेव्हां आपल्या विद्यापीठाविषयीं मोठ्या अभिमानानें बोलतात. तो अभिमान पाहून आम्हांस आनंद होतो. गेल्या नाताळच्या सुट्टींत असाच एक माजी विद्यार्थी आमच्या घरीं आला. त्यानें खिशांतून एक व्हिजिटिंग कार्ड काढून आमच्या हातीं दिलें. कार्डाच्या वरच्या अंगास त्याच्या विद्यापीठाचें चिन्ह सोनेरी शाईनें छापलेलें होतें, मध्यें त्याचें नांव होतें, आणि खालीं "गणित व विज्ञान या विषयांच्या खासगी शिकवण्या घेतल्या जातील" अशी ओळ होती. कार्ड सुबक होतें. मुलगा कष्टाळू आहे व शिकवण्या करूनच तो आपली फी भरतो, हेंही आम्हांस ठाऊक होतें. तरी तें कार्ड पाहून आम्ही कांहीं वेळ गप्प राहिलों. त्यानें विचारलें, "सर, कांहीं चुकलें का?" चुकलें होतें, परंतु काय चुकलें हें दोन वाक्यांत सांगणें आम्हांस त्या वेळीं जमलें नाहीं. तें येथें सांगण्याचा विचार आहे. कारण, विद्यार्थिमित्रहो, आज ना उद्यां तुम्हां सर्वांच्या हातीं कोणत्या तरी संस्थेचा छापील कागद येणार आहे.

आरंभीं आमची स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही नुकतेच शिक्षक झालों होतों व दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत नोकरीस होतों. आमच्या परिचयाच्या एका तरुण गृहस्थास राहावयास खोली पाहिजे होती. एका वृद्ध विधवा बाईंच्या घरीं खोली रिकामी होती. परंतु अनोळखी माणसास त्या ती देईनात. गृहस्थानें आमच्याजवळ शिफारसपत्र मागितलें. टेबलावर शाळेचे छापील कागद पडले होते. त्यांतला एक ओढून आम्हीं चार ओळी लिहून दिल्या कीं, हे गृहस्थ सज्जन असून भाडें वेळच्या वेळीं देतील. खालीं सही केली आणि तो प्रसंग विसरूनही गेलों. सहा महिन्यांनीं त्या आजीबाई तेंच पत्र पिशवींत जपून घेऊन मुख्याध्यापकांकडे आल्या. भाडेकरी चार महिन्यांचें भाडें बुडवून निघून गेला होता. बाईंना लिहितां वाचतां येत नव्हतें. पत्रांत काय आहे हें त्यांनीं कोणाकडून वाचूनही घेतलें नव्हतें. कागदाच्या माथ्यावर दिव्याचें चित्र होतें, त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाच्या सदऱ्यावर हाच दिवा आहे. दिवा पाहिला आणि किल्ली दिली." मुख्याध्यापकांनीं त्यांना बसवून चहा दिला, मग आम्हांस आंत बोलावून एवढेंच म्हटलें, "ह्या कागदावर तुम्हीं लिहिलें नाहीं, शाळेनें लिहिलें." तें भाडें आम्हीं आपल्या पगारांतून तीन हप्त्यांनीं फेडलें. पैशाचें दुःख फार दिवस राहिलें नाहीं. परंतु त्या बाईंनीं विश्वास शाळेवर टाकला होता, आणि तो आम्हीं कोणास न विचारतां खर्च केला, ही गोष्ट अद्याप मनांतून गेलेली नाहीं.

विद्यापीठाच्या चिन्हाविषयींचे सारे नियम ह्याच गोष्टींतून निघतात. विद्यापीठ ही कायद्यानें निर्माण केलेली संस्था होय. तिला हात नाहींत, म्हणून सही करतां येत नाहीं. तिचे कुलगुरु बदलतात, अध्यापक निवृत्त होतात, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात, आणि संस्था मागें राहते. मग एखादें म्हणणें संस्थेचें आहे कीं तिच्या पदरच्या एका मनुष्याचें आहे, हें जगास कळावें कसें? युरोपांतील जुन्या विद्यापीठांनीं ह्या अडचणीवर मध्ययुगांतच उपाय योजिला होता. महत्त्वाच्या दस्तऐवजास मेण लावून त्यावर संस्थेची मुद्रा उमटवीत. आपल्या देशांत ही कल्पना परकी नाहीं. मराठेशाहींतील पत्रांच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला म्हणजे खालीं मोर्तबाची लहान मुद्रा करीत. हेतु हा कीं, तिच्याखालीं कोणी पदरचा मजकूर घुसडूं नये. वरची मुद्रा 'कोण बोलत आहे' हें सांगे व खालची 'बोलणें कोठें संपलें' हें सांगे. आजच्या विद्यापीठांच्या नियमांचें सार ह्या दोन मुद्रांत आलें आहे.

आतां हीं चिन्हें कशीं असतात तें पाहूं. ऑक्सफर्ड विद्यापीठाचें चिन्ह म्हणजे एक निळी ढाल. तिच्यावर उघडें पुस्तक असून पुस्तकास सात मुद्रा लाविलेल्या आहेत. भोंवतीं सोन्याचे तीन मुगुट, दोन वर आणि एक खालीं. पुस्तकाच्या पानांवर लॅटिन ब्रीदवाक्य आहे. तें सत्ताविसाव्या स्तोत्राच्या आरंभावरून घेतलेलें असून परमेश्वर हा आपला प्रकाश आहे असा त्याचा भाव आहे. केंब्रिजची ढाल तांबडी. तिच्यावर क्रूस, चार कोपऱ्यांत चार सोनेरी सिंह व मध्यभागीं पुस्तक. ती त्या विद्यापीठास १५७३ सालीं राजाच्या चिन्हाधिकाऱ्याकडून रीतसर मिळाली. आपल्या मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याचें ब्रीदवाक्य 'शीलवृत्तफला विद्या' असें आहे, म्हणजे विद्येचें फळ शील व सदाचरण. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. 'यः क्रियावान् स पण्डितः' हें त्याचें ब्रीद, म्हणजे जो आचरण करतो तोच पंडित. अशा वाक्याखालीं जो मनुष्य आपला मजकूर लिहितो, तो कळत न कळत त्या वाक्यास आपल्या मजकुराचा साक्षीदार करतो.

बहुतेक विद्यापीठांत अशा चिन्हांचे दोनतीन प्रकार असतात, व त्यांत घोटाळा होऊं नये. पहिली ती मुख्य मुद्रा. ती पदवीपत्रावर, करारावर व विद्यापीठाच्या सभेनें संमत केलेल्या कागदावर उमटते. तिचा उपयोग करण्याचा अधिकार एकदोन अधिकाऱ्यांसच असतो. दुसरें तें ढालीचें किंवा वर्तुळाचें चिन्ह आणि त्यास जोडलेलें विद्यापीठाचें नांव; ह्या जोडीस आज बोधचिन्ह म्हणतात. पत्राचा कागद, लिफाफा, अधिकाऱ्यांचीं कार्डें व छापील आमंत्रणें यांवर हें बोधचिन्ह असतें. तिसरें चिन्ह क्रीडासंघांचें किंवा विद्यार्थिमंडळांचें. तें सदऱ्यावर शोभतें, कार्यालयीन पत्रावर नव्हे. ज्या विद्यापीठांत पदवीपत्राची मुद्राच चहाच्या पेल्यावर दिसूं लागते, तेथें पदवीपत्राकडेही लोक पेल्याच्या नजरेनें पाहूं लागले तर दोष कोणाचा?

शोभा आणि सही यांतील हा भेद इंग्लंडांतील एका खटल्यांत फार स्पष्ट झाला. तो विद्यापीठासंबंधीं नव्हता, परंतु त्याचें तत्त्व आपल्या विषयास लागू पडतें. मँचेस्टर शहराच्या नगरपालिकेस ढालीचें अधिकृत चिन्ह आहे. त्या शहरांतील एका नाट्यगृहाच्या कंपनीनें तेंच चिन्ह रंगमंचाच्या पडद्यावरील झालरीस लाविलें होतें, व कंपनीच्या मुद्रेंतही तेंच कोरून घेतलें होतें. नगरपालिकेनें हरकत घेतली, कंपनी ऐकेना. शेवटीं १९५४ सालीं हा वाद 'कोर्ट ऑफ शिव्हल्री' नांवाच्या प्राचीन न्यायालयापुढें गेला. हें न्यायालय त्यापूर्वीं दोनशें वर्षांहून अधिक काळ भरलेंच नव्हतें! निकाल नगरपालिकेच्या बाजूनें लागला. परंतु न्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांचें म्हणणें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. केवळ शोभेसाठीं कोणी चिन्ह लाविलें, एवढ्यावरून अशा न्यायालयास कामास लावावें असें त्यांस वाटलें नाहीं. मात्र दुसऱ्याचें चिन्ह आपल्या मुद्रेंत घालणें हें तक्रारीचें योग्य कारण होय, असें त्यांनीं ठरविलें. झालर पाहून कोणी फसत नाहीं. मुद्रा पाहून मनुष्य व्यवहार करतो.

आतां प्रत्यक्ष नियमांकडे वळूं. त्यांतील कांहीं चिन्हाच्या रूपासंबंधीं आहेत. ते वाचतांना क्षुल्लक वाटतात, परंतु प्रत्येकामागें कारण आहे. पहिला नियम असा कीं, चिन्ह विद्यापीठानें दिलेल्या मूळ चित्रावरूनच छापावें; जुन्या कागदावरून उतरवूं नये व स्वतः काढूंही नये. नकलेची नक्कल होतां होतां सिंहाचें मांजर होतें आणि ब्रीदवाक्याचीं अक्षरें बुजतात. मग खऱ्या कागदांत व खोट्या कागदांत फरक उरत नाहीं. दुसरा नियम प्रमाणाचा. संगणकावर चित्राचा एक कोपरा ओढला कीं वर्तुळ अंड्यासारखें होतें. म्हणून उंची व रुंदी एकाच प्रमाणांत कमीजास्त करावी. तिसरा नियम लहानपणाच्या मर्यादेचा. व्हिजिटिंग कार्ड साधारण नऊ सेंटिमीटर लांब व पांच सेंटिमीटर रुंद असतें. त्याच्या कोपऱ्यांत बसेल इतकें चिन्ह बारीक केलें तर ब्रीदवाक्य वाचतां येत नाहीं. म्हणून ज्याहून लहान छापूं नये असें एक माप ठरविलेलें असतें. चौथा नियम मोकळ्या जागेचा. चिन्हाच्या चारही बाजूंस ठराविक जागा कोरी सोडावी. तींत दुसऱ्या संस्थेचें चिन्ह, जाहिरात, नक्षी किंवा मजकूर येऊं देऊं नये. दोन चिन्हें एकमेकांस चिकटून बसलीं तर त्या दोन संस्थांनीं मिळून पत्र लिहिलें असें वाचणारा समजतो.

रंगाचा नियम आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. ऑक्सफर्डचा निळा रंग प्रसिद्ध आहे. परंतु 'गडद निळा' एवढें म्हटल्यानें छापखान्याचें काम भागत नाहीं. एका छापखान्याचा गडद निळा जांभळ्याकडे झुकतो, तर दुसऱ्याचा काळ्याकडे. म्हणून जगभरच्या छापखान्यांत चालणाऱ्या 'पँटोन' नांवाच्या रंगयादींतील २८२ हा क्रमांक त्या निळ्यास ठरविलेला आहे. संगणकाच्या पडद्यावर तोच रंग दाखवावयाचा तर तांबडा शून्य, हिरवा ३३ व निळा ७१ अशा मात्रा घ्यावयाच्या. एका शाखेचा कागद निळा व दुसरीचा जांभळा असें झालें कीं, पाहणाऱ्याच्या मनांत 'यांतला खरा कोणता?' हा प्रश्न उभा राहतो. तो उभा राहूं नये हाच रंग ठरविण्याचा हेतु. जेथें रंगाची सोय नाहीं, तेथें चिन्ह सर्वस्वीं काळ्या शाईंत छापावें; अर्धवट रंग देऊं नये.

कागदाची मांडणीही ठरलेली असते. पत्राचा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब, म्हणजे ज्यास ए-फोर म्हणतात तो. चिन्ह व विद्यापीठाचें पूर्ण नांव माथ्यावर एकदांच यावें. त्याजवळ विभागाचें नांव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी, आणि लिहिणाराचें नांव व हुद्दा. दुसरें पान लागल्यास तें बहुधा कोऱ्या कागदावर लिहितात. पत्र तीन घड्या करून ११० बाय २२० मिलिमीटरच्या लांबट लिफाफ्यांत जातें. लिफाफ्यास खिडकी असेल तर ज्यास पत्र धाडावयाचें त्याचा पत्ता बरोबर तिच्यांतून दिसेल अशा ठिकाणीं यावा लागतो. म्हणून समासाचीं मापेंसुद्धा नियमांत लिहिलेलीं असतात. हें शिस्तीचें वेड नव्हे. हजारों पत्रें धाडणाऱ्या कार्यालयांत प्रत्येकानें आपल्या मर्जीप्रमाणें समास सोडला तर टपालाच्या कारकुनाचे हाल कुत्रा खाणार नाहीं.

परंतु खरे कठीण नियम पुढेंच आहेत. ते म्हणजे हा कागद कोणी वापरावा व कशासाठीं. सामान्य तत्त्व असें कीं, जो मनुष्य विद्यापीठाच्या कामासाठीं व आपल्या हुद्द्याच्या मर्यादेंत लिहितो, त्यानेंच तो वापरावा. प्राध्यापकानें आपल्या विद्यार्थ्यास दिलेलें शिफारसपत्र ह्या कागदावर असणें योग्य आहे, कारण प्राध्यापक म्हणूनच तो त्या विद्यार्थ्यास ओळखतो. तोच प्राध्यापक घरमालकाशीं भांडतांना, वृत्तपत्रास आपलें राजकीय मत कळवितांना, निवडणुकींत एखाद्या उमेदवाराचा पुरस्कार करतांना किंवा एखाद्या औषधाची भलावण करतांना हा कागद वापरील तर तो अपराधी होय. मत खरें असेल, औषधही गुणकारी असेल. परंतु विद्यापीठानें तें म्हटलेलें नाहीं. आम्हीं भाडेकऱ्यास दिलेलें पत्र ह्याच कसोटीवर चुकीचें ठरतें. तो आमचा मित्र होता. शाळेचा तो कोणीच नव्हता.

विद्यापीठ व त्याशीं संबंध असलेली संस्था यांतही भेद राखावा लागतो. ऑक्सफर्डमध्यें तीसहून अधिक महाविद्यालयें आहेत, व प्रत्येकाचें चिन्ह वेगळें आहे. महाविद्यालयानें आपल्या चिन्हाखालीं लिहावें, विद्यापीठाच्या नव्हे. त्याच शहरांत ऑक्सफर्ड ब्रूक्स नांवाचें दुसरें विद्यापीठ आहे. त्यास १९९२ सालीं तो दर्जा मिळाला. शहर एक, नांवाचा आरंभ एक, परंतु संस्था दोन. अशा ठिकाणीं नुसतें 'ऑक्सफर्ड' लिहून चालत नाहीं. पूर्ण नांव व योग्य चिन्ह हाच वाचणाराचा आधार. आपल्याकडेही संलग्न महाविद्यालय म्हणजे विद्यापीठ नव्हे. 'अमुक विद्यापीठाशीं संलग्न' असें अक्षरांत लिहिणें सत्य आहे. परंतु त्या विद्यापीठाचें चिन्ह स्वतःच्या नांवापेक्षां मोठें छापणें हें सत्याच्या मर्यादेपलीकडे जातें.

आपल्या देशांत ह्या गोष्टींस कायद्याचाही आधार आहे. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय चिन्हांचा व नांवांचा धंद्यासाठीं गैरउपयोग होऊं नये म्हणून १९५० सालीं कायदा झाला. सारनाथच्या सिंहांचें राजचिन्ह जपण्यासाठीं २००५ सालीं स्वतंत्र कायदा झाला. त्याचा भंग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. त्याखालीं २००७ सालीं केलेल्या नियमांत माजी मंत्री, माजी न्यायाधीश व निवृत्त अधिकारी यांनींही तें चिन्ह वापरूं नये असें स्पष्ट म्हटलें आहे. ज्या दिवशीं हुद्दा सुटला त्या दिवशीं चिन्हही सुटलें. विद्यापीठांतही हीच रीत योग्य. नोकरी सोडतांना किल्ल्यांबरोबर उरलेले छापील कागद व कार्डें परत करावीं.

'विद्यापीठ' ह्या शब्दावरसुद्धा पहारा आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यांतील तेविसाव्या कलमाप्रमाणें, कायद्यानें स्थापन झालेल्या विद्यापीठावांचून इतर कोणत्याही संस्थेस हा शब्द आपल्या नांवास जोडतां येत नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या कलमाकडे लक्ष वेधल्यावर अनेक अभिमत विद्यापीठांस आपल्या नांवांतून तो शब्द काढावा लागला. विद्यापीठाचें स्वतःचें नांव बदललें तरी कागद बदलतो. मुंबई विद्यापीठाचें इंग्रजी नांव १९९६ सालीं बदललें. पुणें विद्यापीठास २०१४ सालीं सावित्रीबाई फुले यांचें नांव जोडलें गेलें. अशा वेळीं जुन्या कागदांचे गठ्ठे वांचविण्याचा मोह होतो; परंतु जें नांव आज संस्थेचें नाहीं त्याखालीं पत्र धाडणें म्हणजे पत्ता सोडून गेलेल्या घराची पाटी लावून ठेवणें होय. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूंवर मुलांनीं गणितें सोडवावीं.

हल्लीं बरींच पत्रें कागदावांचून जातात. ई-मेलच्या खालीं चिन्ह चिकटविणें एका क्षणाचें काम झालें आहे, म्हणून धोका वाढला आहे. पूर्वीं खोटा कागद करावयास छापखाना लागत असे. आतां बोटाचें एक टोक पुरतें. नोकरी लावून देतों, परदेशीं प्रवेश मिळवून देतों, असें सांगणारीं पत्रें चिन्हासकट येतात व गरीब आईबाप पैसे भरून बसतात. म्हणून तुम्हांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. असें पत्र आल्यास चिन्हावर विसंबूं नका. विद्यापीठाच्या कार्यालयाचा पत्ता स्वतः शोधून काढून तेथें विचारा. आणि आपण स्वतः चिन्ह सैल हातानें वापरूं नका. कारण प्रामाणिक माणसांनीं तें वाटेल तेथें लाविलें म्हणजे लबाडाचें काम सोपें होतें. लोकांस तें कोठेंही पाहण्याची संवय लागते व ते विचारणें सोडून देतात.

आतां त्या कार्डाची गोष्ट पुरी करितों. आम्हीं त्या विद्यार्थ्यास मागाहून पत्र लिहिलें कीं, आपण अमुक विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आहों, हें साध्या अक्षरांत लिहिण्यास कोणाची हरकत नाहीं. तें खरें आहे व तें तुझें आहे. परंतु चिन्ह छापलें म्हणजे तुझ्या शिकवणीची हमी विद्यापीठ देत आहे असें एखादी आई समजेल, आणि तिचा मुलगा नापास झाला तर ती तुझ्याकडे न येतां तुझ्या विद्यापीठास बोल लावील. आमच्या पत्राबरोबर त्या आजीबाईंची हकीकतही त्यास कळविली. महिन्याभरानें त्याचें नवें कार्ड टपालानें आलें. पांढऱ्या कार्डावर काळ्या अक्षरांत त्याचें नांव, वर्ग व पत्ता. दुसरें कांहीं नाहीं. सोबतच्या चिठ्ठींत त्यानें लिहिलें होतें, "सर, जुनीं कार्डें फाडून टाकलीं. शिकवणीला पहिल्याइतकींच मुलें येतात."